बिघडलेले आकडे

शहरातल्या नळांचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेने तिला डेटाबेस दुरुस्त करायला बोलावलं होतं. नोंदींमध्ये अधूनमधून जंतूंचे आकडे भलतेच मोठे दिसत होते.

"डेटा करप्ट झालाय, मॅडम," तिथले साहेब म्हणाले. "तेवढे आकडे बाकीच्यांसारखे करून टाका, की झालं."

"आधी जुन्या बॅकअपशी ताडून बघते."

"कशाला उगाच खोलात शिरताय?" म्हणत साहेबांनी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि तिथेच ठाण मांडलं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटायला लागलं.

साहेब फोन घ्यायला बाहेर गेले, तेवढ्यात तिने बॅकअप उघडला. ते भलते आकडे त्यात जसेच्या तसे होते. बदललेले होते ते बाकीचे सगळे, दिसायला नीटनेटके. कुणीतरी बसून ते एकेक करून खाली आणले होते, आणि घाईत थोडे तसेच राहून गेले होते.

"सापडला का बिघाड?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"सापडला," ती म्हणाली आणि त्यांच्यासमोरच तिने घरी फोन लावला.

"अहो, बाळाला नळाचं पाणी दिलंत का?"