तीन संघांचा एक कप्तान

"सर, पारोळ्याच्या कप्तानाचं नाव भरून दाखवता का?"

कुंदा उभी राहिली आणि अख्खा क्लास मागे वळला. "हिंमत असेल तर विचारून दाखव," असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. विचारलं की! त्यात काय!

कॉम्प्युटर क्लासचा आज शेवटचा दिवस. मुलांचे आईबाप सतरंजीवर बसले होते. समोर मॉनिटरवर खान्देशातल्या कबड्डी संघांचं वेबपेज झळकत होतं. खाली ठळक नाव, हिलाल. हा जीवराम सरांचा भाचा.

पेज कुंदाचं होतं. संघांची रांग, रांगेत प्रत्येक संघाचा कप्पा, त्या कप्प्यात कप्तानाच्या नावाची स्वतंत्र डबी. असं एकात एक बसवायला तिनं जिवाचं रान केलं होतं. सरांनी तिची फ्लॉपी तपासायला म्हणून नेली आणि भाच्याच्या हातात दिली. ती विचारायला गेली तर हसून म्हणाले, "पेजवर पोरीचं नाव बरं दिसत नाही गं."

तेव्हा ती रडली. काल मात्र तिनं हिलालची फाईल उघडून पाहिली आणि खुदकन हसली. रिकामी डबी संघागणिक वेगळी कशाला करायची, म्हणून शहाण्यानं तिच्या डब्या मोडून एकच केली होती आणि तीच तिन्ही संघांना जोडली होती. कुंदानं ब्रसुद्धा काढला नाही.

सरांनी खूण करताच हिलालनं ऐटीत बटणं दाबली. पारोळा : मगन. त्याखाली आपोआप उमटलं, शिंदखेडा : मगन. पिंपळनेर : मगन.

सतरंजीवरून कुणी ओरडलं, "अरे, हाऊ मगन सोतानाच पाय धरी का?"

हशा उसळला. हिलालनं मगन खोडून पुना हे दुसरं नाव लिहिलं. तिन्हीकडे पुना!

सर घाम पुसत कुंदाजवळ आले. "जरा बघ ना बेटा, काय बिघडलं."

"हिलालला विचारा ना सर. पेज त्याचं आहे."

बाहेर आल्यावर तिच्या वडिलांनी, आबांनी, तिचा हात धरला. "चाल मागे. बठ्ठासना म्होरे सांगू, हाई काम तुनं शे." आई तर सगळ्यांसमोर सांगायला पदर खोचून केव्हाच वळली होती.

"थांब गं आई. आबा, नाव त्याचंच राहू द्या," कुंदा म्हणाली. तिच्या गालांवर हसू मावत नव्हतं. "परवा धुळ्याला मोठ्या साहेबांपुढे तो हेच पेज दाखवणार आहे. आणि मी ठरवलंय, दुरुस्तीला मी सोबत जाणार नाही."