टटल यांचं नाट्यगृह

गाणं संपलं, आणि टाळी पडली नाही.

पहिल्या रांगेत बसलेल्या नगराध्यक्ष हायरम टटल यांनी मान न वळवता कानोसा घेतला. मागे पाचशे खाणकामगार होते. पण कुणी खोकलं नाही, बाक करकरला नाही. टटलना घाम फुटला. गेल्या महिन्यात याच लोकांनी एका जादूगाराला बटाटे मारून पळवलं होतं. ते परवडलं असतं.

नेवाडातल्या चांदीच्या खाणीपायी वसलेल्या या गावात अजून धड रस्ता नव्हता. तरी टटलनी हट्टाने नाट्यगृह बांधलं. उद्या सोमवारी नगरसभेत त्याचा फैसला होता. आजचा रविवारचा दुपारचा खेळ पडला, तर इमारत बक स्टेटलरच्या गुत्त्याला जायची.

स्टेटलर शेजारीच होता. तो खुशीत कानाशी लागला. "अध्यक्षसाहेब, बिलियर्डचं टेबल कुठं टाकू? बाई उभ्या आहेत तिथंच?"

रंगमंचावर गायिका मिस लिंडक्विस्ट पांढऱ्याफटक पडल्या होत्या. चार दिवस घोडागाडीत हाडं खिळखिळी करून घेत त्या इथवर आल्या होत्या, त्या केवळ टटल यांच्या शब्दावर. आता त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. वादकांना खूण करायला टटलनी हात वर केला. काहीतरी नाचाचं, धांगडधिंग्याचं वाजू दे. लोक निदान हलतील तरी.

मागून कुणीतरी तो हात पकडला. खाणीतला म्हातारा मुकादम जोरी पास्को. टोपी काढून त्याने छातीशी धरली होती.

"साहेब, गप. आवाज नको."

"अरे, बाईंचं गाणं संपलंय! आवडलं नाही का तुम्हाला?"

"तुम्ही दुकानदार माणूस. कधी खाली उतरला नाहीत," पास्को कुजबुजला. "खाणीत दरड कोसळली की आम्ही असेच थांबतो. श्वाससुद्धा दाबून. आत कुणी जिवंत असलं तर तो तीनदा ठोकतो. बारीक आवाज असतो तो, चुकायला नको."

"पण ही काय खाण आहे?" टटल दातओठ खात म्हणाले. "इथं कोण गाडलं गेलंय?"

पास्कोने बुटाची टाच लाकडी जमिनीवर आपटली. एकदा. पुन्हा. पुन्हा.

मग त्याच्यामागे पाचशे बूट उचलले गेले.

एक. दोन. तीन.