बारा फटींचा डबा

लकूर्त मालकांनी फिरता डबा हातानं थांबवला, पुन्हा फिरवला आणि पुन्हा फटीला डोळा लावला.

"ओर्तांसबाई, जरा इकडे या."

ओर्तांस ब्रश पाण्यात ठेवून उठली. टेबलाभोवतीच्या सहा बायकांनी माना वर केल्या नाहीत, पण कुणाचाच हात हलेना.

पॅरिसमधल्या त्या माडीवर कागदाच्या लांब पट्ट्या रंगवल्या जात. पट्टी पत्र्याच्या गोल डब्यात आतून बसवायची, डबा गरगर फिरवायचा आणि त्याच्या उभ्या फटींतून बघायचं. चित्रं जिवंत होत. पोरी दोरीवरून उड्या मारत, माकडं ढोल बडवत. फटीतून माणूस रोडावलेला दिसतो, म्हणून बायका त्याला मुद्दाम थोडा गुटगुटीत काढत. आणि फटी बारा, तर चित्रंही बाराच. एक जास्त झालं की चित्र जागेवर न थांबता पुढे पळतं, एक कमी पडलं की मागे घसरतं. ही चूक नवी मुलगी पहिल्या आठवड्यात करते, बोलणी खाते आणि पुन्हा करत नाही.

ओर्तांस एकोणीस वर्षं तिथल्या खिडकीपाशी बसत होती.

"बघा," मालक म्हणाले. "काय करून ठेवलंय ते तुमच्याच डोळ्यांनी बघा."

"ठाऊक आहे मला." ती वाकलीसुद्धा नाही.

"मी काय सांगितलं होतं? साहेब खुर्चीत बसलाय. मोलकरीण ट्रे पुढे धरते, साहेब चॉकलेटचा कप उचलतो. आणि इथे? साहेब हात पुढे करतो, तोवर ही बया ट्रे घेऊन चालती होते! मागून दुसरी येते, तीही तशीच. मघापासून बघतोय, एकाही साहेबाच्या घशाखाली घोट उतरलेला नाही!"

टेबलाशी बसलेल्या सेलेस्टीनला हसू फुटलं. तिनं ते कसंबसं खोकल्यात लपवलं.

मालकांनी पट्टी काढून टेबलावर सरळ केली आणि मोलकरणी बोटानं मोजल्या. "अकरा, बारा... तेरा. तेरा, ओर्तांसबाई!" मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा राग जरा निवला. बाई जुनी होती, हात सोन्यासारखा होता. "डोळे थकले असतील. व्हायचंच. चूक झाली म्हणा, बसा आणि दुसरी पट्टी घ्या. दुकानदार उद्या नमुना न्यायला येतोय. मी शब्दानं बोलणार नाही."

सेलेस्टीननं ओर्तांसचा झगा ओढला. "म्हणून टाक ना गं," ती पुटपुटली. "जीभ काय झिजणार आहे?"

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या खिडकीपासून उठलेल्या बाईला सबंध पॅरिसात दुसरी खिडकी कुणी देणार नव्हतं. टेबलाभोवतीच्या सगळ्याजणींना ते ठाऊक होतं. ओर्तांसलाही.

"साहेब मोजलेत का?" तिनं विचारलं.

"काय?"

"मोलकरणी मोजल्यात. आता साहेब मोजा."

मालकांनी मोजले. आधी भरभर, मग एकेकाच्या टकलावर बोट टेकवत. बारा. बारा फटींना बारा साहेब, आपापल्या खुर्चीत पक्के बसवलेले. त्याच पट्टीवर त्यांच्यासमोरून तेरा मोलकरणी, आणि कुठे रेघेला रेघ भिडलेली नाही. असलं काम हात चुकून होत नाही. ते लकूर्तांना कळणार नाही तर कुणाला?

त्यांचे कान लाल झाले. "म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"अंतरं जुळवायला तीन दिवस गेले माझे."

"अहो, पण साहेबाला कप मिळतच नाही!"

"मिळाला की. सोळा वर्षं मिळाला. इथे यायच्या आधी मीच नेऊन देत होते. रोज सकाळी, वाफाळता."

कुणीतरी ब्रश खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"चूक झाली म्हणा," मालक हळू आवाजात म्हणाले. "शेवटचं सांगतोय."

"रंग ओघळला असता तर म्हटलं असतं. ही चूक नाही."

"मग उठा इथून!"

"उभीच आहे, मालक."

तिनं आपले तीन ब्रश धुतले, टोकं ओठांत धरून नीट केली आणि फडक्यात गुंडाळले. खुंटीवरची शाल घेतली. पाठीमागे पत्रा खडखडला. मालकांनी पट्टी परत डब्यात बसवली होती आणि ते ओणवे होऊन बघत होते. सेलेस्टीननं उठून पलीकडच्या फटीला डोळा लावला. मग आणखी दोघी उठल्या. बसा म्हणून कुणी दटावलं नाही.

ती दारापाशी पोचली तेव्हा मालकांनी मान वर न करताच विचारलं, "पण एवढा ट्रे घेऊन ही जाते कुठे?"

"कुठे म्हणजे?" ओर्तांसनं शालीची गाठ मारली. "बसून प्यायला. गार व्हायच्या आत."