निरोपाचं घड्याळ

सामना संपायला दोन मिनिटं उरली होती आणि क्लबच्या सेक्रेटरीने निरोपाचं घड्याळ कपाटामागून काढून मैदानाच्या कडेला आणून ठेवलं होतं. चकचकीत कागदात गुंडाळलेलं. खाली पितळी पट्टी, पट्टीवर नाव, क्लबात आल्याची तारीख आणि आजची तारीख. ज्याला द्यायचं त्याला यातलं काही ठाऊक नाही, अशी सगळ्यांची समजूत. अहो, अठरा वर्षं क्लबात काढलेल्या माणसाला कपाटामागे काय आहे ते कळत नाही होय!

त्याला सगळे भिंत म्हणायचे. रग्बीत आठ जण समोरच्या आठ जणांना डोकी खाली घालून, खांद्याला खांदा भिडवून रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्या स्क्रमच्या पहिल्या रांगेत भिंत. रेटून रेटून कानांचे फ्लॉवरचे गड्डे झालेले. गेली दोन वर्षं मात्र भिंतीला पोपडे धरले, असं लोक उघड बोलायला लागले होते. आधी गुडघा गेला, मग मान, मग राखीव खेळाडूंच्या बाकावर मुक्काम. आज खेळत होता तोही जागेवरच्या पोराचा पाय मुरगळला म्हणून. प्रशिक्षक त्याचा जुना सोबती. त्याने सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की आजचं झालं की थांबू या. भिंतीने मान डोलावली. बायकोला तेवढं म्हणाला, "मला अजून खेळायचंय गं."

समोर बावीस वर्षांचा आडदांड गडी होता. पहिल्या स्क्रमला त्याने भिंतीला दोन पावलं मागे सारलं आणि वर सुनावलं, "काका, सांभाळून हं." दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. क्लबातल्या जुन्या मंडळींना बघवेना, ती चहाच्या टेबलाकडे वळली.

त्यांचा चहा तसाच गार झाला, कारण तिसऱ्या वेळी भिंत तसूभरही हलली नाही. चौथ्या वेळी तो गडी मागे गेला. पाचव्या वेळी तोंडावर आपटला आणि नाकातली माती शिंकरत उठला. मधल्या वेळात भिंतीने दोन पळत्या पोरांना कमरेत धरून आडवं केलं, गुडघ्याला पट्टी बांधून घेतली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. बायकोच्या हातातल्या रुमालाचा पार बोळा झाला होता.

आता शेवटची दोन मिनिटं. क्लब तीन गुणांनी मागे आणि पंचांनी क्लबला पेनल्टी दिलेली, तीही समोरच्यांच्या गोलरेषेपासून पाच पावलांवर. लाथ मारून तीन गुण घ्यायचे तर बरोबरी, डोळे मिटून मिळाली असती. जिंकायचं तर स्क्रम घेऊन त्या आठ जणांना रेषेपलीकडे रेटत न्यायचं. कप्तान भिंतीपेक्षा दहा वर्षांनी लहान. तो भिंतीजवळ आला.

"दादा, काय करू?"

"स्क्रम घे."

"तुमची मान?"

"मानेचं मी बघतो. तू स्क्रम घे."

सोळा डोकी खाली गेली. भिंतीचा चुरगळलेला कान त्या गड्याच्या गालाला लागला. चेंडू आत पडला आणि काय रेटा दिला त्याने! खरं सांगतो, विशीतही त्याने असा रेटा दिला नव्हता. पाच पावलं ते आठ जण मागे गेले, सरळ, जड कपाट फरशीवरून सरकवावं तसे. शेवटच्या माणसाने रेषेपलीकडे चेंडूवर अंग टाकलं. शिट्टी झाली. सामना जिंकला होता.

भिंत गुडघ्यावर बसून धापा टाकत होता. तो गडी चिखलाने माखलेला समोर येऊन उभा राहिला. काकाचे आता दादा झाले होते.

"दादा, तिसऱ्या वेळेपासून तुम्ही केलंत तरी काय?"

भिंतीने त्याला हात धरून खाली बसवलं. चेंडू आत पडताना तू दम धरतोस, म्हणाला, मला कानाला ऐकू येतं. दम धरलास की मान आखडते, पाय अडतात, तेवढा अर्धा क्षण तू नुसता उभा असतोस. त्यातच मी रेटतो. दम सोडत रेट, मग मला जड जाशील.

गडी तोंडावरचा चिखल पुसत म्हणाला, "पुढच्या महिन्यात आपला पुन्हा सामना आहे. आणि तुम्ही मलाच शिकवताय?"

"मग शिकून ये ना. तोवर मी काय झोपा काढणार आहे?"

मागे सेक्रेटरी घड्याळ पोटाशी धरून उभा होता. त्याने हे सगळं ऐकलं आणि रडकुंडीला येऊन प्रशिक्षकाच्या कानाला लागला. पट्टीवर आजची तारीख कोरून घेतली आहे, आता करायचं काय?

प्रशिक्षकाने आपल्या जुन्या सोबत्याकडे एकदा पाहिलं. भिंत त्या गड्याला मान कशी ठेवायची ते दाखवत होता.

"पट्टी बदलून आण," प्रशिक्षक म्हणाला. "आणि शेवटच्या तारखेची जागा मोकळी सोडायला सांग."