शकीबाचा पाठ

“प्रेत पडला नाही, शकीबा. प्रेत पडलं होतं,” प्रियदर्शनीबाईंनी दुरुस्त केलं. “पुन्हा म्हण.”

शकीबाने पुन्हा म्हटलं. या वेळी बरोबर आलं.

अनुदानाची तपासणी उद्यावर आली होती. कोंढव्यात एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्यांत ‘सोबत’ ही संस्था चालायची. अफगाणिस्तान आणि इराक सोडून पुण्यात आलेल्या चाळीसेक कुटुंबांतल्या बायका तिथे मराठी शिकायच्या, शिवण शिकायच्या, मुलांच्या शाळाप्रवेशाचे कागद करून घ्यायच्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर प्रियदर्शनीबाईंनी हे काम सुरू केलं होतं. आता, दोन हजार सात साली, देणग्या आटल्या होत्या. सरकारचं अनुदान मिळालं तरच जूननंतर या खोल्या राहणार होत्या.

खराडीच्या एका आयटी कंपनीतली चैताली दर शनिवारी शिकवायला यायची. लॅपटॉपवर आकडे, तक्ते, फोटो असं सगळं तिने नीट तयार केलं, आणि वर म्हणाली की मॅडम, आकडे सगळेच दाखवतात, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. बाईंना ते पटलं. त्यांनी शकीबाला निवडलं.

शकीबा काबूलच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. तिच्या नवऱ्याला बसमधून उतरवून रस्त्यात गोळ्या घातल्या होत्या. चार वर्षांत हे तिने एकदाच सांगितलं होतं, बाई तिचा निर्वासितांचा फॉर्म भरत होत्या तेव्हा. त्यानंतर दोन दिवस ती वर्गाला आली नव्हती.

आधी ती नको म्हणाली. बाईंनी समजावलं, हे तुझ्या एकटीसाठी नाही, या सगळ्याजणींसाठी आहे. शकीबाने मशीनवर वाकलेल्या बायकांकडे पाहिलं आणि मान हलवली. हिंदी तिला चांगली यायची, पण मराठीत सांगितलं तर तपासणीला येणाऱ्या साहेबांवर जास्त परिणाम होईल, असं बाईंना वाटलं. लागणारे शब्द त्यांनी फळ्यावर लिहून दिले. गोळी. रक्त. ओळख पटणे. शकीबाने ते वहीत भाज्यांच्या नावांखाली उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तपासणी अधिकारी रंगनाथ ढमढेरे आले. चैताली रजा टाकून आली होती. तिचे तक्ते दाखवून झाले आणि शकीबा उभी राहिली.

तिने सगळं सांगितलं. बस कुठे थांबली, कोण चढले, कुणाला खाली उतरवलं. लिंग-वचनाची एकही चूक झाली नाही. ती रडली नाही, चैताली रडली. ओळख बुटांवरून पटली, इथवर आल्यावर मात्र शकीबा अडली. पुढचा शब्द फळ्यावर नव्हता. तिने हवेत बोटांनी गाठ मारून दाखवली.

“नाडी,” बाई बाजूने हळूच म्हणाल्या.

“नाडी,” शकीबा म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.

ढमढेऱ्यांनी मान वर केली नव्हती. शकीबा चहा आणायला आतल्या खोलीत गेली, तेव्हा ते बोलले.

“मॅडम, मला फक्त हजेरीपट आणि भाडेकरार बघायचा होता. अर्ज मागच्या आठवड्यातच मंजूर झालाय. हे त्यांना कशाला सांगायला लावलंत?”

बोलण्यात खोच नव्हती. असती तर बाईंना उत्तर देता आलं असतं. त्यांनी हजेरीपट पुढे केला. साहेबांनी सही केली आणि चहा न घेताच ते निघाले.

त्या दुपारी बाई जेवल्या नाहीत. त्यांचे वडील भीमराव खडकीला कारखान्यात कामगार होते. तिथल्या शाळेत दर जुलैत गुरुजी भर वर्गात म्हणायचे, शिष्यवृत्तीवाल्यांनो, उभे राहा. प्रियदर्शनी उभी राहायची आणि सगळा वर्ग वळून बघायचा. गुरुजी वाईट नव्हते. त्यांना मोजायला सोपं जायचं, इतकंच. तरी इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना माफ केलं नव्हतं. आपल्याला तर मोजायचंही नव्हतं, हे त्यांना आता खुर्चीत बसून कळत होतं.

संध्याकाळी त्या शकीबाच्या घरी गेल्या. एक खोली, खाली जाड सतरंजी. मुलगी भिंतीशी बसून गृहपाठ करत होती. शकीबाला हे एकच मूल. फॉर्मवर तसं बाईंनीच लिहिलं होतं. शकीबाने वेलची घातलेला हिरवा चहा दिला, बशीत बदाम ठेवले. बाईंनी रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. त्यांनी तिचा हात धरला.

“माझं चुकलं, शकीबा. तुला उभं करायला नको होतं.”

शकीबाला हे नीटसं कळलं नसावं. तिने विचारलं, अनुदान मिळालं का. बाई म्हणाल्या, मिळालं, पण एकाच वर्षाचं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तपासणी होईल.

शकीबाचा चेहरा मोकळा झाला. मुलीकडे एकदा बघून तिने आवाज खाली आणला. बाईंची समजूत घालावी तसं ती सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली,

“मग काळजी करू नका, बाई. आज मी फक्त नवऱ्याचं सांगितलं. माझ्या मुलाचं पुढच्या वर्षासाठी ठेवलंय.”