चिमटीतली मान

आईचे काळे हातमोजे चढवून तिने बाहुलीची मान चिमटीत धरली. समोरच्या स्क्रीनवर दुसरे दोन काळे हात आले. तालीम सुरू झाली.

बाहुल्यांचं हे मूकनाट्य जुनंच होतं, दोन देशांतल्या दोन मंडळांनी मिळून बसवलेलं. नावाड्याची बाहुली परदेशी मंडळातल्या म्हाताऱ्या कलाकाराची, त्यांना सगळे आजोबा म्हणत; नदीकाठच्या बाईची बाहुली तिच्या आईची. पूर्वी दोन प्रयोगांसाठी चौदा माणसं आणि अकरा पेट्या विमानाने परदेशी जायच्या. मग दोन्ही मंडळांनी ठरवलं, विमानांचा धूर नको, आता कुणी उडायचं नाही. नावाडी तिकडे, बाई इकडे, मध्ये स्क्रीन. प्रेक्षकांना दिसायच्या फक्त बाहुल्या. अट एकच, कलाकार तेच दोघे हवेत.

आई गेली तेव्हा दिवे सांभाळणारा मामा म्हणाला होता, "तिकडे कळवू नकोस. खेळ बंद पडेल. तुझा हात बसलाय, गुपचूप कर."

तिने गुपचूप केलं. दोन वर्षं.

पकडलं जाण्याची भीती महिनाभरात सरली. मग वेगळंच काही जिव्हारी लागलं. बाईची मान वळवण्याआधी आई क्षणभर थांबायची. त्या थांबण्यात बाहुली जिवंत व्हायची. तिने हजारदा करून पाहिलं, बाहुली लाकूडच राहिली. आणि तीस वर्षं आईसोबत काम केलेल्या आजोबांनी एकदाही विचारलं नाही, काय बिघडलंय म्हणून.

एके दिवशी तिकडच्या मंडळाचं पत्र आलं. वर्षातून एकाच कलाकाराने जायचं, आगगाडीने, पण महिनाभर राहायचं. पहिली पाळी आजोबांची, ते इकडे येणार.

"संपलं," मामाने कपाळाला हात लावला. "आता बिंग फुटणार."

"फुटू दे. आईचं ते थांबणं जवळून पाहिलेलं दुसरं कोण उरलंय? हातापाया पडेन, पण त्यांच्याकडून शिकून घेईन. मग खेळ बंद झाला तरी चालेल."

तीन दिवसांचा प्रवास करून गाडी आली. फलाट रिकामा होत गेला. म्हातारं असं कुणी उतरलंच नाही. शेवटी पंचविशीची एक मुलगी बॅग ओढत तिच्यासमोर येऊन थबकली.

"आजोबा कुठेयत?" तिने विचारलं.

मुलीने मान खाली घातली. तोडक्यामोडक्या भाषेत, पाठ केल्यासारखं एका दमात बोलली, "आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून हात माझेच होते. रागवा, पण परत पाठवू नका. नावाडी माझ्या हातात मेलाय. तो कसा जिवंत व्हायचा, हे आता फक्त तुमच्या आईंना ठाऊक आहे. त्या घरीच आहेत ना?"