पाच ऐका, एक टाळा

"या खेपेला सात अल्बम आहेत, सर. नावांची यादी माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलपात," पुरवणीची नवी उपसंपादक म्हणाली आणि तिने छोटा प्लेअर टेबलावरून पुढे सरकवला.

"कुलूप कशाला? मी काय चोर आहे?"

"आधीच्या बाई जाताना बजावून गेल्यात. कानसेनांना नावं कळता कामा नयेत."

कानसेन हे त्याचं ऑफिसातलं नाव. सतरा वर्षं तो दर रविवारी 'पाच ऐका, एक टाळा' हे सदर लिहीत होता. बड्या कंपन्यांच्या दाराशी न जाता स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणारे इंडी रॉक बँड आणि त्यांचे नवे अल्बम. पाचांची शिफारस, आणि तळाच्या चौकटीत टाळण्याजोगा एक. अगदी सुरुवातीला एकदा मित्राच्या बँडचं नाव बघून त्याची लेखणी पाझरली होती आणि वाचकांनी त्याची सालटी काढली होती. तेव्हापासून अल्बमांना फक्त आकडे. लेखही आकड्यांवरच लिहायचा. नावं मागाहून ऑफिसात घातली जात आणि तो ती चारचौघांसारखी रविवारीच वाचायचा.

या शिस्तीने तीन वर्षांपूर्वी घर पोखरलं होतं. 'टाळा'च्या चौकटीत त्याने लिहिलं होतं, "यांनी गिटार विकून सायकल घ्यावी. निदान व्यायाम होईल." रविवारी कळलं, तो 'बंद लिफ्ट'चा पहिला अल्बम होता. 'बंद लिफ्ट' म्हणजे त्याचा मुलगा आणि मुलाचे तीन दोस्त. चौथ्या मजल्यावरच्या या घरी जिन्याने ड्रम चढवून चढवून त्यांनी ते नाव घेतलं होतं. मुलगा त्याच संध्याकाळी बॅग भरून गेला. आईला फोन करायचा. बापाशी एक शब्द नाही.

"त्याचा दुसरा निघालाय," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "तुमच्या ऑफिसला पाठवलाय म्हणे. यात असेल?"

"असला तरी मला कळणार नाही."

"अहो, पोटच्या पोराचा आवाज कळत नाही?"

"मागच्या वेळी कुठे कळला?"

"म्हणून सांगते, या वेळी नीट कान द्या. मला एकच मुलगा आहे." तिने देठांचा ढीग कागदासकट उचलला. "आणि तुम्हालाही."

गुरुवारी दुपारी त्याने हेडफोन चढवले. पहिला चांगला होता, खिडकी उघडल्यासारखा. दुसऱ्यात गाणाऱ्याचा आवाज यंत्रातून भरडून काढलेला. ड्रम तर उगाचच जिन्यात वाजवल्यासारखे घुमत होते. तिसरा, चौथा, पाचवा ठीक.

सहावा सुरू झाला आणि त्याची पेन्सिल थांबली.

गाण्याआधी कुणीतरी पायाने ताल धरला होता. दोनदा टक टक, मग थोडं थांबून एकदा. मुलगा लहानपणापासून जेवताना टेबलाखाली असाच पाय आपटायचा. ताटं किणकिणायची आणि आई ओरडायची. त्याने गाणं मागे नेलं. टक टक. टक. पुन्हा मागे नेलं. आवाजही ओळखीचा वाटू लागला. शेवटच्या गाण्यात तर स्वयंपाकघरातल्या दिव्याचा उल्लेख होता.

ओळख पटली तर अल्बम बाजूला ठेवायचा, असा त्याचाच नियम होता. खरं तर सहाव्याला तो चौथी जागा देणार होता. त्याने सातवा ऐकून संपवला, पाणी प्यायला आणि सहाव्याला पहिल्या जागेवर नेऊन बसवलं. दोनशे शब्द लिहिले. इतके मायेचे शब्द त्याने आजवर कुणासाठी वापरले नव्हते.

मग मन खाऊ लागलं. एकीकडे हात सैल सुटला, म्हणून दुसरीकडे त्याने तो आवळला. चौकटीत दोन नंबरचा अल्बम घातला आणि त्याला मुळीच सोडलं नाही. शुक्रवारी बाराच्या आत लेख पाठवूनही दिला.

"रविवारी त्याला जेवायला बोलाव," तो बायकोला म्हणाला.

तिचा हात थबकला. "सापडला?"

"बोलाव म्हणतो ना. पेपर मी त्याच्या हातात देईन."

रविवारी पेपर सकाळपासून टेबलावर घडीतच पडून होता. बायकोने दोनदा हात लावला, दोनदा त्याने काढून घेतला. "बापलेकांच्या मधे पडू नकोस," असं म्हणून तो हसलासुद्धा.

साडेबाराला जिन्यात पावलं वाजली. मुलगा धापा टाकत दारात उभा राहिला. थोडा वाळला होता. दाढी आली होती.

"लिफ्ट अजून बंदच?"

"तुमच्या बँडचं नाव राखलंय सोसायटीने," कानसेन म्हणाला.

मुलाला हसू आवरेना. आईने डोळ्यांना पदर लावला आणि वाढायला घेतलं. मुलगा त्याच्या जुन्या खुर्चीवर बसला.

"माझा लेख वाचलास?"

"तीन वर्षं तुमचा पेपर घेत नाही मी, बाबा."

"मग आता वाच. मोठ्याने. आईलाही ऐकू दे."

मुलाने घडी उघडली. "पहिली शिफारस, 'ओली काडेपेटी'," त्याने वाचलं आणि मान डोलावली. "चांगली पोरं आहेत. मागे एकदा एकत्र वाजवलंय आम्ही. तो ड्रमवाला माझ्यासारखाच पाय आपटतो."

कानसेनने पेपरसाठी हात पुढे केला. "राहू दे. जेवण गार होतंय."

"थांबा ना, बाबा," मुलगा म्हणाला. तो पानाच्या तळाशी पोचला होता. सांगितल्याप्रमाणे मोठ्याने वाचू लागला, "टाळा, 'बंद लिफ्ट'. गाणारा कुणावर तरी रुसून बसला आहे. रुसवा घरी जाऊन मिटवावा, लोकांच्या कानांवर घालू नये."